भिंतीतले देणे

वास्तुशांतीच्या दिवशी यजमान घराचा धनी म्हणून पाटावर बसतो. गुरुजींची दक्षिणा त्याच दिवशी, त्याच जागी दिली जाते. ती पुढच्या महिन्यावर ढकलण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायाने दक्षिणेवाचून केलेला यज्ञ तामस ठरवला आहे, आणि हा संस्कार आपल्या समाजात खोलवर मुरला आहे. पण त्याच घराच्या गवंड्याचे, फरशीवाल्याचे, वीट-रेती पुरवणाऱ्याचे पैसे अजून द्यायचे असतील, तर त्या विधीत काही उणे राहिले असे कोणी मानत नाही. तो व्यवहाराचा भाग, सवडीने बघू, असे म्हणून विषय संपतो. मला वाटते, इथे धर्माचाच एक प्रश्न आपण व्यवहाराच्या खात्यात ढकलून मोकळे झालो आहोत. ज्या हातांनी घर उभे केले त्यांचे दाम चुकते झाले नसतील, तर ते घर बांधून घेणाऱ्याचे पुरते झाले का? की न दिलेल्या मजुरीइतका हक्क त्या भिंतींत दुसऱ्याचाच राहतो?

अमेरिकेतल्या कायद्याने याचे रोखठोक उत्तर दिले आहे. वॉशिंग्टन ही नवी राजधानी वसवायची होती तेव्हा, १७९१ मध्ये, थॉमस जेफर्सन आदींच्या सूचनेवरून मेरीलँडच्या विधिमंडळाने एक तरतूद केली: बांधकाम करणाऱ्याचे पैसे थकले तर त्याचा हक्क थेट इमारतीवर बसेल. हेतू उघड व्यवहारी होता. नवे शहर उभारायचे, तर कारागिरांनी उधारीवर कामाला यावे म्हणून त्यांच्यापुढे काहीतरी हमी ठेवणे भाग होते. पुढे हा कायदा राज्याराज्यांत पसरला; कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या आपल्या राज्यघटनेतच त्याला जागा दिली. मेकॅनिक्स लिएन या नावाने ओळखला जाणारा हा हक्क आपल्या शब्दांत सांगायचा तर तो बोजा आहे. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, तसा तिथे गवंड्याच्या मजुरीचा, सुताराच्या कामाचा, सिमेंटच्या उधारीचा बोजा जागेच्या दप्तरी नोंदवता येतो. तो उतरेपर्यंत जागा विकायला किंवा गहाण टाकायला अडते, आणि शेवटी न्यायालय ती विकून देणे भागवायला लावू शकते. विशेष हे की मालकाशी ज्याचा करारच झालेला नाही, म्हणजे मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली काम केलेला किंवा त्याला माल पुरवलेला माणूस, त्यालाही हा हक्क आहे. त्याने विश्वास कंत्राटदारावर टाकला असेल, पण त्याचा माल गेला तो मालकाच्या भिंतीत.

आपल्याकडे असा कायदा नाही. बोजाचे तत्त्व मात्र आपल्या कायद्याला अनोळखी नाही, आणि म्हणूनच ही उणीव अधिक खुपते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० सांगते की एखाद्या वस्तूवर ज्याने आपले श्रम किंवा कौशल्य खर्चले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःपाशी ठेवता येते. कायद्यातच दिलेले उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे आहे, आणि दुसरे कोट शिवणाऱ्या शिंप्याचे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ जमीन विकणाऱ्याला सांभाळते: किंमत पुरी मिळण्याआधी मालकी खरेदीदाराकडे गेली, तर उरलेल्या रकमेचा भार त्या जमिनीवर आपोआप बसतो, त्यासाठी वेगळा करार करावा लागत नाही. म्हणजे शिंप्याला संरक्षण आहे, जवाहिऱ्याला आहे, जमीन विकणाऱ्याला आहे. त्याच जमिनीवर चार मजले चढवणाऱ्याला नाही. सिमेंटचा व्यापारी माल हातात असेपर्यंत अडवू शकतो. गोणी एकदा ताब्यात दिली की तो हक्क संपला. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांची मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरवून दिले, पण तो दावा देणेकऱ्यावर आहे, इमारतीवर नाही. बांधकाम कंपनी बुडाली, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतल्या वाटपाच्या रांगेत विटा पुरवणारा सरकारी देण्यांच्याही मागे उभा राहतो. हा सगळा क्रम पाहिला की हक्क कोणाला मिळाला हे कामाच्या मोलावरून ठरलेले दिसत नाही. वस्तू हातात धरून ठेवता येते की नाही एवढ्यावरूनच ते ठरले आहे. कोट खुंटीला अडकवून ठेवता येतो, घर ठेवता येत नाही. या एका भौतिक अडचणीला आपण न्यायाचे रूप दिले आहे.

खरे तर ही अडचण उलट दिशेने मोजायला हवी. बांधकामात दिलेली गोष्ट परत घेता येत नाही. काँक्रीट एकदा घट्ट झाले की त्यातले सिमेंट वेगळे काढता येत नाही. गवंड्याचा दिवस भिंतीत गेला तो गेला. इतर व्यापारात उधारी देणाऱ्याला माल परत आणण्याची थोडीफार आशा असते, इथे ती मुळातच नाही. जो मुळीच न परतणारे देतो त्याच्याकडे सर्वांत कमी तारण असावे, ही रचना उफराटी आहे. प्राचीन रोमन विधिज्ञांना हे उमगले होते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या बारा पट्ट्यांच्या कायद्यात दुसऱ्याची तुळई आपल्या घरात बसवणाऱ्याचा विचार आहे. तुळई काढायला लावायची नाही, कारण त्यासाठी इमारत मोडणे कोणाच्याच हिताचे नाही. पण तुळईच्या मालकाला तिच्या मोलाच्या दुप्पट रक्कम द्यायची. वस्तू भिंतीत विरली म्हणून हक्क विरत नाही, उलट परत मागता न येण्याची भरपाई म्हणून तो वाढतो, अशी ती दृष्टी आहे. पुढे मार्कस ऑरेलियसच्या काळात रोमन सिनेटने पडक्या इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी पैसे पुरवणाऱ्याचा हक्क त्या इमारतीवरच बसवला, आणि मालकाच्या सांगण्यावरून ज्याने कंत्राटदाराला पैसे दिले त्यालाही तो लागू धरला गेला.

आपल्या धर्मशास्त्राकडे वळलो की आधी एक समज बाजूला ठेवावा लागतो: मालकी ही पवित्र, अखंड गोष्ट आहे आणि तिच्यात मजुराचा हक्क घुसवणे म्हणजे परंपरेला धक्का. परंपरा तसे म्हणत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, जमिनीतले खुंट उपटून जो ती लागवडीखाली आणतो त्याचे शेत, असा दाखला आहे. (तो येतो पत्नीवरच्या पतीच्या हक्काच्या चर्चेत, आणि ती चर्चा आज कोणालाही मान्य होऊ नये, पण श्रमातून हक्क उपजतो ही समजूत तिथे गृहीत धरलेली आहे एवढे खरे.) गौतम धर्मसूत्र मालकीची साधने सांगताना वारसा, खरेदी, वाटणी यांच्याबरोबर वैश्य आणि शूद्र यांच्यासाठी कष्टाने मिळवलेले हे साधन नोंदवते. बाराव्या शतकात चालुक्यांच्या कल्याणीत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने तर मालकी ही शास्त्राने निर्माण केलेली गोष्ट नसून लोकव्यवहारातून ओळखली जाणारी गोष्ट आहे, अशी बाजू दायभागाच्या विवेचनात हिरिरीने मांडली. मालकी लौकिक असेल, तर ती कशाने पुरी होते आणि कशाने अपुरी राहते हेही लोकव्यवहाराने ठरवायचे आहे. नारदस्मृतीत एक नियम आहे तो आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा: दुसऱ्याच्या जागेवर भाडे देऊन ज्याने घर बांधले, त्याने जाताना गवत, लाकूड, विटा बरोबर न्याव्यात. जमीन एकाची म्हणून तिच्यावरचे सगळे त्याचेच, हे तत्त्व नारदाने सरसकट मानलेले नाही. आणि हा नियम येतो कुठे, तर वेतनाच्या प्रकरणात.

तरीही आपल्या परंपरेत एक गोष्ट राहून गेली, आणि माझ्या मते सगळा पेच तिथेच आहे. ऋण ही कल्पना आपल्याकडे जितकी खोल गेली तितकी क्वचितच कुठे गेली असेल. तैत्तिरीय संहिता ब्राह्मणाला तीन ऋणे घेऊनच जन्माला घालते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात जी स्मृतिवचने एकत्र केली आहेत, त्यांत कर्ज न फेडता मेलेला माणूस सावकाराच्या घरी दास किंवा जनावर होऊन जन्मतो अशी वचने आहेत. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य होते. या सगळ्यात ऋण चिकटते ते माणसाला, त्याच्या आत्म्याला, त्याच्या वंशाला. याची नैतिक उंची मोठी आहे, पण गवंड्याच्या बाजूने पाहिले तर तीच त्याच्या मुळावर येते: त्याचा न्याय पुढच्या जन्मावर टाकला जातो. आता तर ते धर्मबंधनही कायद्याने सोडवले आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने, केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाकडून बापाचे कर्ज वसूल करण्याचा मार्ग बंद केला. बांधकामाच्या धंद्यात तर देणेकरी म्हणजे बहुधा एका प्रकल्पापुरती काढलेली कंपनी. तिला पुढचा जन्म नाही, मुलगा नाही, आणि प्रकल्प संपला की तिच्या खात्यात काही उरत नाही. उरते ती इमारत. ऋणाची कल्पना आपल्याला खरोखर जपायची असेल, तर तिला माणसावरून वस्तूवर उतरवण्यावाचून आज दुसरा मार्ग नाही. याज्ञवल्क्याने त्याची वाट दाखवून ठेवली आहे: जो मालमत्ता घेतो त्याने तिच्याबरोबर ऋणही घ्यावे.

इतर धर्मांतही हा ताण दिसतो. मजुराकडून पुरे काम घेऊन त्याचे दाम न देणाऱ्याचा कयामतीच्या दिवशी मी स्वतः प्रतिपक्षी असेन, असे अल्लाह म्हणतो असा हदीस आहे; ज्यूंच्या तोरामध्ये मात्र मुदत आजचीच आहे, सूर्य मावळण्याच्या आत. यिर्मया संदेष्ट्याने मजुरी न देता आपला वाडा बांधून घेणाऱ्या राजाला शाप दिला, तेव्हा त्याचे बोट राजाकडे होते तसे त्या वाड्याकडेही होते. तालमुदात तर पंडितांचा वाद आहे की कारागिराने वस्तूचे जे मोल वाढवले तेवढ्याचा तो मालक होतो का. हा वाद निव्वळ तात्त्विक नव्हता. कारागीर त्या वाढलेल्या मोलाचा मालक ठरला, तर पैसे मिळेपर्यंत त्याचा हक्क वस्तूत आहे. नाही ठरला, तर त्याला वेळेवर मजुरी देण्याची आज्ञा मालकावर आहे. दोन वाटा त्यांनी स्वच्छ वेगळ्या ओळखल्या होत्या. आपण दुसरी वाट धरली आणि व्यवहारात तिच्यावरची मुदत काढून टाकली.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत याची एक विलक्षण साक्ष आहे. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखामेळा तिच्याखाली गेला. परंपरा सांगते की नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्याच्या अस्थी वेचल्या त्या त्यांतून उमटणाऱ्या विठ्ठलनामावरून, आणि पंढरपूरला महाद्वारापाशी त्याची समाधी बांधली. या कथेचा भक्तिपर अर्थ सर्वांना ठाऊक आहे आणि तो खराच आहे. पण तिच्यात आणखी एक म्हणणे आहे असे मला वाटते. त्या कुसाखाली कोण गाडले गेले याची नोंद गावाने ठेवली नसती; सगळी हाडे एकसारखीच. हे कोणाचे हाड, हा प्रश्न नामदेवांनी विचारला आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत ते ढिगाऱ्यापाशी थांबले. श्रम भिंतीत गेला तरी तो कोणाचा हे ओळखता आले पाहिजे, हा आग्रह त्या कृतीत आहे. बोजाची नोंद याहून वेगळे काही मागत नाही: रक्कम, तारीख आणि नाव.

यावर धर्माच्याच अंगाने एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. फळाची आस न धरता कर्म करावे ही गीतेची शिकवण. मग मजुरीसाठी घरावर बोजा चढवणे हे तिच्या विरुद्ध नाही का? संतांनी तर आपले हक्क सोडून दिले. उत्तर असे की निष्कामतेचा उपदेश कर्म करणाऱ्याच्या मनासाठी आहे. काम करून घेणाऱ्याच्या सबबीसाठी तो नाही. त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, दिलेले भोगून परत काही न देणाऱ्याला चोर म्हटले आहे. तिथे प्रसंग देवांचा आणि यज्ञाचा आहे, पण देवाघेवाणीचे ते चक्र माणसांपाशी येऊन थांबते असे मानायला काही आधार नाही. आणि संतांचे म्हणाल, तर तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत सोडली तेव्हा आधी त्यांचे दोन वाटे केले, भाऊ कान्होबाच्या वाट्याची खते त्याला दिली आणि फक्त आपली बुडवली, असे चरित्रकार सांगतात. त्यागाची मर्यादा इतकी बारकाईने फार थोड्यांनी पाळली असेल. आपल्या हक्काचा त्याग करता येतो, भावाच्या हक्काचाही करता येत नाही. मग गवंड्याच्या हक्काचा त्याग घरमालकाने करणे कसे बसेल? तुकोबांच्या हातची खते दुष्काळाने नाडलेल्या माणसांची होती. तो वरच्याने खालच्याला दिलेला सोडवणूकनामा होता. त्याचा दाखला खालच्याने वरच्याला सोडून द्यावे म्हणून देणे अन्याय्य आहे.

व्यवहाराच्या अंगाने सर्वांत कठीण आक्षेप वेगळा आहे. मालकाने मुख्य कंत्राटदाराला पै न पै चुकती केली, कंत्राटदाराने ती फरशीवाल्यापर्यंत पोचवलीच नाही, आणि बोजा मात्र मालकाच्या घरावर. त्याने दोनदा का भरावे? निवृत्तीची पुंजी घालून छोटे घर बांधणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न बोचतो, आणि अमेरिकेत असे प्रसंग खरोखर घडतात. त्यात कोणाचे तरी नुकसान होणार हे नाकारता येत नाही. ते कोणाला टाळता आले असते एवढेच पाहता येते. फरशीवाल्याला मालकाच्या बँक खात्यात डोकावता येत नाही. मालकाला मात्र पुढचा हप्ता देण्याआधी मागच्या कामाच्या पावत्या मागता येतात. कॅनडातल्या ऑन्टारियोचा तोडगा मला सर्वांत समंजस वाटतो: मालकाने प्रत्येक बिलातले दहा टक्के ठराविक काळ रोखून ठेवायचे आणि बोजाचे दावे त्यातून भागवायचे. वेळेत सूचना न आलेल्या दाव्यांपुरती ज्याने ही रक्कम राखली त्याची जबाबदारी सहसा तिच्यापुरती राहते. आपल्याकडेही बिलातून अनामत कापतातच. फक्त ती काम बिघडले तर मालकाला वापरता यावी म्हणून कापतात, मजुराला मिळावी म्हणून नाही. फ्लॅट विकत घेणाऱ्याचा प्रश्न याहून सोपा आहे. थकबाकीची माहिती असूनही ज्याने जागा घेतली त्याच्यावर भार, हे कलम ५५ चेच तत्त्व आहे. नोंद दप्तरी असली की माहिती सर्वांना आहे, नसली तर खरेदीदार मोकळा.

खोटे बोजे चढवून मालकाला नाडले जाईल, बँका कर्ज महाग करतील, हे आक्षेप खरे आहेत पण मला ते निर्णायक वाटत नाहीत. कॅलिफोर्नियात काम पुरे झाल्यापासून साधारण नव्वद दिवसांत बोजा नोंदवावा लागतो आणि त्यापुढे नव्वद दिवसांत दावा लावावा लागतो, नाहीतर तो सरतो. अशा तोकड्या मुदती दुरुपयोगाला आवर घालतात. आणि गवंड्याची मजुरी बुडण्याच्या शक्यतेवर ज्या कर्जाचा व्याजदर बेतलेला आहे, तो थोडा चढला तर चढू द्यावा.

याहून मोठी अडचण आहे ती तळच्या माणसाची. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, मुकादमाच्या तोंडी शब्दावर परगावहून आलेले जोडपे, यांच्याकडे ना करार ना पावती. बोजाचा कायदा झाला तरी तो वापरतील टाइल्सचे आणि लिफ्टचे पुरवठादार, असे कोणी म्हटले तर ते बऱ्याच अंशी बरोबर ठरेल. म्हणून कायद्याने सर्वांना एकच कागद मागू नये. कॅलिफोर्नियात पुरवठादाराला आधी लेखी सूचना द्यावी लागते, रोजंदारीच्या मजुराला ती लागत नाही. आपल्याकडे याच्याही पुढे जाऊन हजेरीवहीलाच नोंदीचे मूल्य द्यायला हवे. सरकारी इमारतीवर बोजा चढवता येत नाही हीही मर्यादा आहे. अमेरिकेने १९३५ च्या मिलर कायद्याने केंद्र सरकारच्या कामांवर कंत्राटदाराकडून हमीपत्र घेऊन ती भरून काढली. त्या हमीचा लाभ कंत्राटदाराच्या हाताखालच्यांना होतो, आणि सरकारच पैसे थकवते तेव्हा ती पुरी पडत नाही. महाराष्ट्रात २०२५ मध्ये थकलेल्या सरकारी देयकांसाठी कंत्राटदार रस्त्यावर उतरले. त्यांची बिले अडकतात तेव्हा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मजुरांचे काय होते, याचा विचार निविदेच्या अटींत व्हायला हवा.

देवाच्या घराचे काय, हेही विचारले पाहिजे, कारण प्रश्न धर्माचा आहे. हिंदू कायद्यात देव ही विधिमान्य व्यक्ती आहे आणि मंदिराची मालमत्ता देवाची. १८७५ साली प्रसन्नकुमारी देव्या विरुद्ध गुलाबचंद या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले की पूजा चालू ठेवण्यासाठी, देवालयाच्या दुरुस्तीसाठी सेवायताने, म्हणजे देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्याने, गरजेपोटी काढलेले कर्ज देवाच्या मालमत्तेला बांधते. देव देणेकरी होऊ शकतो, आणि त्याची मिळकत त्याच्या घराच्या दुरुस्तीला जबाबदार धरली जाऊ शकते, हे दीडशे वर्षांपूर्वी ठरले. त्याने कोणाच्या श्रद्धेला तडा गेला नाही. त्यात हक्क मान्य झाला तो पैसे उसने देणाऱ्याचा. त्याच मंदिराचा चिरा घडवणाऱ्याने आपली मजुरी उधार ठेवली, तर त्याचीही उधारी देवाच्याच घरात गेलेली असते. ती सावकाराच्या उधारीहून हलकी का मोजायची, याचे कारण मला धर्मशास्त्रात सापडत नाही आणि कायद्यातही सापडत नाही.